न बोलता टाकलेली चिप

माझा मेहुणा दातांचा डॉक्टर आहे आणि त्याला दातांतलं काही कळत नाही. हे मी त्याच्या दवाखान्याच्या तळघरात बसून अकरा वर्षं सांगतो आहे, म्हणजे स्वतःलाच सांगतो आहे. तो वर पेशंटच्या तोंडाचा साचा घेतो, खाली माझ्याकडे पाठवतो, आणि मी त्यावरून दात बनवतो. साच्यात बुडबुडा ठरलेला. तोही नेमका दाढेच्या कडेला, जिथे तो असून चालतच नाही. मी बारीक पात्याने ती कड कोरतो, अनुभवाने भरून काढतो, वर चिनीमातीचे थर चढवतो आणि भट्टीत भाजतो. दात चपखल बसतो. पेशंट आरशात बघतो आणि म्हणतो, डॉक्टर, तुमच्या हातात जादू आहे. मग हा जिन्यातून खाली ओरडतो, "दाजी, ऐकलंत का? जादू म्हणाले!" बुडबुड्याबद्दल मी त्याला एकदाही बोललो नाही. ज्याला स्वतःहून दिसत नाही त्याला कशाला दाखवायचं?

पोकरही त्याला मीच शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन खाली यायचा आणि मी एकटा पत्ते मांडून बसलेला असायचो. "मलाही सांगा ना दाजी." सांगितलं. दोन पत्ते प्रत्येकाला गुपचूप मिळतात, पाच मधे सगळ्यांसाठी उघडले जातात, आधी तीन, मग एक, मग एक. प्रत्येक टप्प्यावर लावायचं, वाढवायचं किंवा सोडून द्यायचं. शेवटी ज्याचे पाच पत्ते भारी, त्याचा डाव. एवढं त्याला पाठ झालं. पुढचं जे खरं पोकर, म्हणजे समोरचा काय समजतो आहे ते समजणं, ते त्याच्या डोक्यावरून गेलं. त्याला पत्ते आवडले की तो हसतो. नाही आवडले तरी हसतो, फक्त जरा कमी. तीन वर्षांत मी त्याच्याकडून किती डाव घेतले असतील त्याला गणती नाही, आणि दर वेळी तो मलाच शाबासकी देतो. अशा माणसाचा राग करायलासुद्धा मजा येत नाही.

गेल्या महिन्यात त्याने दुसरा दवाखाना काढायचं ठरवलं आणि माझ्यापुढे एक कागद ठेवला. पुढची पाच वर्षं मी फक्त त्याच्यासाठी दात बनवायचे, दुसऱ्या कुणासाठी नाही. "घरातलंच आहे हो, पण वकील म्हणतो कागद हवा. सोमवारी सही करून टाका." मी म्हणालो, बघतो.

मी दुसरंच काही बघत होतो. चष्म्याच्या दुकानामागे एक खोली रिकामी झाली होती. दोनदा जाऊन आलो होतो. उत्तरेला मोठी खिडकी, आणि दाताची खरी छटा कळायला उत्तरेचा उजेड लागतो. तळघरात मी अकरा वर्षं ट्यूबलाइटखाली पिवळा आणि पांढरा ओळखतो आहे. खोलीत खोल सिंक होतं, भिंतीला धरून एक जाड लाकडी टेबल होतं, आणि दारावर पाटी लावायला दोन खिळे आधीच ठोकलेले होते. चष्मेवाला सोमवारपर्यंत थांबायला कबूल झाला होता. अडलं होतं ते भट्टीपाशी आणि सहा महिन्यांच्या भाड्यापाशी. पत्त्यांच्या क्लबमधे रविवारी पोकरची जी टूर्नामेंट होती तिचं पहिलं बक्षीस एवढ्याला पुरून वर थोडं उरत होतं. दुसऱ्या-तिसऱ्याने भागणार नव्हतं. पहिलंच हवं होतं.

बायकोला हे ठाऊक होतं. ती म्हणाली, "सरळ सांगा ना त्याला. माझा भाऊ तुम्हाला खाणार आहे का?"

"त्याच्यापुढे हात पसरू?"

"हात पसरू नका. तोंड उघडा."

बायकांना सगळं सोपं वाटतं, असं म्हणून मी बूट घातले.

क्लब म्हणजे टायरच्या दुकानावरचा एक हॉल. रबराचा वास, हिरव्या कापडाची आठ टेबलं, आणि स्वतःला खेळाडू समजणारी साठ माणसं. सकाळी दहाला सुरुवात झाली. दुपारी तीनपर्यंत चोपन्न जण आपापल्या दुर्दैवाची गोष्ट एकमेकांना सांगत जिना उतरून गेले. प्रत्येकाची गोष्ट तीच, प्रत्येकाला ती फक्त आपल्याच बाबतीत घडली असं वाटतं. शेवटच्या टेबलावर सहा जण उरलो. मी, माझ्या डाव्या हाताला एक निवृत्त मुख्याध्यापक, जे पत्ते उचलले की उत्तरपत्रिका तपासल्यासारखे चष्म्यावरून बघत. त्यांच्या पलीकडे दोघे इतके घाबरून खेळत होते की त्यांचा हिशेब धरायची गरज नव्हती. मग एक विमा एजंट. आणि माझ्या उजव्या हाताला, चेहऱ्यावर लग्नघरातल्यासारखा आनंद घेऊन, माझा मेहुणा.

"दाजी, आपण दोघंही! ताईला फोन करू का?"

टेबलावर मी बोलत नाही. हा माझा नियम आहे, क्लबचा नाही. लोक वाढवताना "रेज" म्हणतात तेव्हा त्यांचा आवाज त्यांचे पत्ते सांगून टाकतो. कुणाचा गळा दाटतो, कुणी उगाच जोरात म्हणतो, एजंट तर नाटकातल्या राजासारखा म्हणतो. मी चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या रंगीत चकत्या, पुढे सरकवतो, तेवढंच. ज्याला वाचायचं त्याने चिप्स वाचाव्यात. पत्ते वाटणारी डीलर, एक सडपातळ, सरळ पाठीची बाई, तिलाही माझी सवय झाली होती. मी चार-पाच चिप्स टाकायचो, ती मोजायची आणि आकडा सांगायची.

तीन वाजता दहा मिनिटं सुट्टी झाली. एजंटला सुटे हवे होते. त्याला चिप्सचा उंच मनोरा रचून त्यामागे बसायला आवडतं, त्याने म्हणे समोरचा दबतो. "तुमच्याकडचे हजारवाले द्या ना, मी पाचहजारी देतो." माझ्यापुढे हजारांच्या चिप्सचा ढीग पडला होता, भाजीवाल्यापुढे बटाटे पडावेत तसा. मी सगळा त्याच्याकडे ढकलला. त्याने खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखा मनोरा चढवला आणि लांबून न्याहाळला. पन्नाशीचा माणूस! माझ्याकडे पाचहजारीच्या नऊ चिप्स आल्या आणि एक हजाराची उरली. नीटनेटकं दिसत होतं. सेहेचाळीस हजार. मेहुण्याकडे साठच्या वर असतील, पण त्याला ते माहीत नसावं, कारण त्याने चिप्सचे रंग एकमेकांत मिसळून ठेवले होते.

सुट्टीनंतरचा तिसरा डाव. एजंटला नियमाने एक हजार आधीच टाकावे लागले, मेहुण्याला दोन हजार, आणि पहिलं बोलायची पाळी माझी. मी पत्त्यांची कोपरी अंगठ्याने उचलली. इस्पिकचा एक्का. बदामचा एक्का.

यापेक्षा भारी सुरुवात पोकरमधे नाही. दोनशे एकवीस वेळा पत्ते उचलावेत तेव्हा कुठे एकदा दोन एक्के येतात. आणि मला सांगावंसं वाटतं की एवढे भारी पत्ते आल्यावर माणसाची खरी लायकी कळते. वाईट पत्ते कुणीही टाकून देतो, त्याला अक्कल लागत नाही. एक्के आले की भित्रे सगळंच पुढे ढकलतात. मग पाचही जण पत्ते टाकतात आणि यांना मिळतात ते नियमाने पडलेले तीन हजार. आयुष्यभराची पुंजी दाखवून पान-सुपारी विकत घ्यायची! दुसरी जात चोरांची. ते गुपचूप दोन हजारांचा कॉल करतात, म्हणजे पडलेत तेवढेच भरतात, की बघा मी किती साधा, या सगळे आत. मग सगळे खरंच आत येतात, चार-चार जण, कुणाकडे सत्ती, कुणाकडे नव्वी, आणि मधे काही वेडंवाकडं उघडलं की एक्क्यांची माती होते. एकाशी लढायला एक्के उत्तम. चौघांशी लढायला एक्के म्हणजे एकटा हवालदार.

मधला आकडा ठरलेला आहे. मेहुण्याच्या दोन हजारांच्या अडीच पट. पाच हजार. एवढ्याने कचरा पळतो आणि एखादा चांगल्या पत्त्यांचा माणूस मागे येतो. तो मुख्याध्यापक असावा अशी माझी इच्छा होती, त्यांच्याकडून घ्यायला बरं वाटलं असतं. हे सगळं मी दोन श्वासांत पक्कं केलं. घाई नाही, थरथर नाही. मनातल्या मनात त्या खिडकीला पडदा लावायचा की नको हेही ठरवून झालं. नको.

मी पाचहजारीची एक चिप उचलली आणि पुढे टाकली.

"कॉल," डीलर म्हणाली. तिने माझ्या चिपेच्या बदल्यात तीन हजार सुटे मोजून माझ्यापुढे ठेवले.

मी तिच्याकडे बघितलं. मग चिपेकडे. आणि मग कानशिलं तापल्याचं मला जाणवलं. नियम सगळ्या जगाला माहीत आहे, मी स्वतः नव्या लोकांना तो नाक मुरडत समजावलेला आहे. एकच मोठी चिप, तोंडाने काही न बोलता टाकली, तर तो कॉल. वाढवायचं असेल तर चिप टाकायच्या आधी बोलायचं. एवढी वर्षं मी सुट्या चिप्स टाकत आलो म्हणून मला बोलावं लागलं नव्हतं. आणि सुटे मी त्या मनोरेवाल्याला देऊन बसलो होतो.

"अहो, नाही नाही," माझा मेहुणा म्हणाला. "त्यांना वाढवायचं होतं. पाच हजार टाकलेत ना त्यांनी?"

"ते बोलले नाहीत," डीलर म्हणाली.

"ते कधीच बोलत नाहीत हो! दाजी, सांगा ना यांना. चुकून झालं म्हणावं. आमची कुणाची हरकत नाही. काय हो, आहे का?"

एजंटने खांदे उडवले. मुख्याध्यापक म्हणाले, "माझी नाही." डीलर क्षणभर थांबली. हा क्लब काही फार मोठा नाही, टेबलाची हरकत नसेल तर ती बदलून घेत असे, तिने दोनदा तसं केलेलं मी पाहिलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. एक वाक्य पुरलं असतं. चुकलं, वाढवायचं होतं. पण ते वाक्य म्हणजे त्या पाच नगांसमोर, त्यातही त्याच्यासमोर, मी नवशिक्यासारखा चुकलो असं कबूल करणं. आणि मला सोडवणार कोण, तर ज्याला अजून चिप्सचे रंग कळत नाहीत तो.

"मला कॉलच करायचा होता," मी म्हणालो. त्या दिवशी टेबलावर मी बोललेलं पहिलं वाक्य.

"असं होय!" मेहुणा म्हणाला आणि आदराने गप्प बसला.

मग व्हायचं ते झालं. मुख्याध्यापक दोन हजारांत आत आले. घाबरट दोघांनी पत्ते टाकले. एजंटने हजार भरले. मेहुण्याचे दोन हजार आधीच पडलेले होते, त्याला काहीच द्यायचं नव्हतं. तो फुकटात आत. माझे एक्के आणि तीन आगंतुक.

डीलरने तीन पत्ते उघडले. किलवरची सत्ती, चौकटची दुर्री, बदामची राणी.

एजंटने काही लावलं नाही, मेहुण्यानेही नाही. मी सहा हजार लावले, या वेळी एक पाचहजारी आणि एक हजारी, म्हणजे बोलायला नको. मुख्याध्यापकांनी पत्ते टाकले, एजंटने टाकले. मेहुण्याने आपले पत्ते पुन्हा एकदा उचलून बघितले, हसला आणि म्हणाला, "ऑल-इन. म्हणजे सगळेच ना? हो, सगळे."

आता विचार करायची वेळ होती आणि मी विचार केला, खोटं सांगत नाही. फुकटात आलेल्या माणसाकडे काहीही असू शकतं. दोन हजारांऐवजी पाच हजार पडले असते तर त्याच्याकडे काय-काय असू शकलं असतं आणि काय नसतं, हे मी बोटांवर सांगू शकलो असतो. आता सांगता येत नव्हतं. जो माणूस सहा हजारांना भिडून सगळं पुढे ढकलतो त्याच्याकडे बहुतेक वेळा एका जोडीपेक्षा जास्त असतं. समोर दुसरा कुणी असता, मुख्याध्यापक असते, तर मी एक्के खाली ठेवले असते. माझ्याकडे अडतीस हजार उरत होते, ते घेऊन पुढे खेळलो असतो. पण समोर हा होता. याला राणीची जोडी लागली असेल, आणि राणी बघून हा हुरळला असेल. याचा खेळ मी तीन वर्षं ओळखतो. याच्यापुढे एक्के खाली ठेवायचे?

"कॉल," मी म्हणालो. आता शब्द अगदी सहज निघाला.

त्याने पत्ते उलटवले. सत्ती आणि दुर्री. पोकरमधले सगळ्यात टाकाऊ दोन पत्ते, जे बघताक्षणी फेकायला मी त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. त्याच्या दोन जोड्या झाल्या होत्या, माझी एक. पुढचे दोन पत्ते दश्शी आणि छक्की आले, त्यांनी कुणाचं भलं-बुरं केलं नाही. डीलरने माझ्या सगळ्या चिप्स त्याच्याकडे सरकवल्या आणि त्याने त्या रंग न बघता आपल्या ढिगात मिसळल्या.

"अरे देवा, दाजी! तुम्ही वाढवलं असतंत तर मी लगेच टाकले असते हो! सत्ती-दुर्री कोण ठेवणार?" मग तो टेबलाकडे वळला. "बघितलंत? एक्के हातात असून साधा कॉल. कसला सापळा होता! मी नशिबाने सुटलो. याला म्हणतात खेळाडू!"

एजंटने मान डोलावली. त्याला कशालाही मान डोलवायची सवय आहे, त्याचा धंदाच तो. मुख्याध्यापकांनी मात्र चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. नापास मुलाला घरी पाठवताना हलवतात तशी मान हलवून त्यांनी मला जायची परवानगी दिली. मी जिना उतरलो. खाली एक माणूस टायरमधे हवा भरत होता. मला ओरडायचं होतं. मी बसस्टॉपवर उभा राहिलो.

मेहुणा पहिला आला. संध्याकाळी त्याचा बहिणीला फोन, स्पीकरवर, अर्धा तास. माझ्या सापळ्याची गोष्ट तीनदा. बायको ऐकत होती आणि माझ्याकडे बघत होती. मग ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

सोमवारी सकाळी तो दवाखाना उघडायच्या आधीच खाली आला. मी एका पुढच्या दातावर शेवटचा थर चढवत होतो. त्याच्या एका हातात तो पाच वर्षांचा कागद होता, दुसऱ्यात बक्षिसाचं पाकीट.

"ताईने सांगितलं," तो म्हणाला. "खोलीचं."

मी ब्रश पाण्यात बुडवला.

"मला बोलायचं ना दाजी. मला काय माहीत, मला वाटलं तुम्ही इथे खूष आहात. तुम्ही कधी काही म्हणालाच नाहीत." तो स्टूल ओढून बसला. "हे बघा. कागद मी फाडून टाकतो. ही भट्टी तुम्ही घेऊन जा, तुमच्याच हाताला तिची सवय आहे. मी नवी घेईन. आणि हे पाकीट धरा. जिंकलो ते तुमच्याच चिप्सवर की. दात मी तुमच्याकडेच पाठवेन, फक्त पत्ता बदलेल. मला एवढंच सांगा, तुम्हाला जायचंय ना?"

तो हसत नव्हता. अकरा वर्षांत त्याचा तो चेहरा मी पहिल्यांदा बघत होतो, साधा, थोडा दुखावलेला. आणि तो मला खिडकी, सिंक, टेबल, पाटीचे खिळे, सगळं देऊन बसला होता. मला फक्त हो म्हणायचं होतं.

हे मी लिहितो आहे तेव्हा मला स्वतःची शिसारी येते, पण खरं तेच सांगतो. त्या क्षणी मला त्या खोलीची हाव सुटली नव्हती. मला भीती वाटली. याच्याकडून मी हे घेतलं तर उद्यापासून याला मूर्ख म्हणायची माझी सोय गेली. बाकी माझ्याकडे होतं काय? वर तो जादूगार, खाली मी, आणि आम्हा दोघांत शहाणा कोण हे एकट्या मला ठाऊक. तेवढ्यावर मी अकरा वर्षं काढली होती.

"तुझ्या बहिणीला भलतंच काहीतरी ऐकायची सवयच आहे," मी म्हणालो. "मला कुठे जायचंय? आण तो कागद."

"नक्की?"

मी सही केली, खाली तारीख घातली. त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरून हलवला, डोळ्यांत पाणी आणलं आणि पाकीट घेऊन वर पळाला. वर जाऊन रिसेप्शनवरच्या मुलीला ओरडून सांगितलेलंही मला ऐकू आलं, "दाजी कुठेही जात नाहीत!"

घरी गेलो तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या करत होती. "काय म्हणाला?"

"सही केली."

"तो सगळं देणार होता. मला शब्द दिला होता त्याने."

"देत होता."

तिने हातातली घडी पूर्ण केली आणि ती बाकीच्यांवर ठेवली. मग फोन उचलला आणि चष्मेवाल्याला लावला. मी समोर उभा आहे याचं तिला काही वाटलं नाही. मी तिला ओळखतो, रागात असली की तिचा आवाज चढतो. तो चढला नव्हता. दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगावं त्या आवाजात ती म्हणाली, "खोलीचं सांगायला फोन केला. तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या. नाही, पैशांचा प्रश्न नाही, त्याची सोय झाली होती. ह्यांनाच जमत नाही."